केस्टलरांची दुलई

हे दयाघना, हे सर्वसाक्षी प्रभो! ऊब देणारा तू, आणि ती ऊब कोणाच्या अंगावरून उचलून आणली, हे पांघरणाऱ्याच्या काळजाला विचारणाराही तूच. तुझ्या दारात चेक वेगळा नाही, जर्मन वेगळा नाही. तिथे पुकारा एकाच भाषेत होतो. ताठ मानेने गायिलेले स्तोत्र तू ऐकतोसच. पण लाजेने मान खाली गेलेल्या माणसाच्या मौनाकडे तू अधिक झुकून कान देतोस, अशी माझी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेच्या आधाराने आज आमच्या गावातल्या एका बाईचे नाव घेतो.

तिचे नाव फिलोमेना. हाब्रोवेत्सच्या न्यायालयाचा पट्टेवाला सिरिल हानाक याची ती लेक, आणि पुढे लाकडी पिंपे बांधणाऱ्या आलोइस झ्बोर्झिलची बायको. सारे गाव तिला फिल्का म्हणे. श्रोतेहो, फिल्काने पराक्रम केला नाही, देऊळ बांधले नाही, कोणाला तारले नाही. ती जवळजवळ वीस वर्षे दुसऱ्याच्या दुलईखाली झोपली, आणि एके दिवशी ती दुलई कोणाची आहे हे तिने भर रस्त्यावर सांगितले. पहिल्या गोष्टीत आमचे सारे गाव तिच्या सोबत होते. दुसऱ्या गोष्टीत ती एकटी होती.

आमच्या चौकात पिवळ्या भिंतींचे न्यायालय सम्राटाच्या काळापासून उभे होते. भोवतालची सगळी गावे त्या न्यायालयाच्या हद्दीत येत, म्हणून या मुलखाला हाब्रोवेत्सचा न्यायजिल्हा म्हणत. गावे बहुतेक आम्हा चेक लोकांची. तळ्यांच्या बाजूची तीन मात्र जर्मन बोलणाऱ्यांची. ते संख्येने थोडके होते, पण भांडणात कमी नव्हते. आणि आम्हीही नव्हतो. बांधावरचे नासपतीचे झाड कोणाचे, तळ्यावरून परतताना चुकलेले हंस कोणाच्या अंगणात शिरले, असल्या वादांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजल्या. सिरिल हानाक दारात उभा राहून पुकारा करी, आधी चेकमध्ये, मग जर्मनमध्ये. चेक पुकारा झाला की माणसे आत जात. जर्मन पुकारा झाला की माणसे हसत.

“हानाकबुवा, पुन्हा एकदा म्हणा हो!” एर्लेनडोर्फचा मातियास केस्टलर ओरडे. “आमच्या बैलालासुद्धा तुमच्याहून बरं जर्मन येतं!”

“मग बैलालाच पाठवा साक्षीला,” सिरिल म्हणे. “तुमच्यापेक्षा खरं तरी बोलेल.”

अशा टोमण्यांतून या दोघांची मैत्री जमली. आणि मैत्री जमली म्हणून आमच्या मुलखातली जुनी रीत त्यांनी पाळली. ती रीत अशी की चेक घरातले मूल वर्षभर जर्मन घरी राहायला जाई आणि त्या घरातले मूल इकडे येई. शुल्क नाही, करार नाही. मुलाच्या बदल्यात मूल, आणि मुलाच्या बदल्यात भाषा. सम्राट गेला, प्रजासत्ताक आले, तरी ही रीत मोडली नव्हती. एका शरद ऋतूत, हंस पुष्ट झाले तेव्हा, अकरा वर्षांची फिल्का गाठोडे घेऊन एर्लेनडोर्फला गेली, आणि तिच्याच वयाची वालबुर्गा, म्हणजे बुर्गी केस्टलर, न्यायालयामागच्या पट्टेवाल्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. बुर्गीच्या ताटलीत फिल्का जेवू लागली, फिल्काच्या खाटेवर बुर्गी निजू लागली. बुर्गी दिवसभर सिरिलच्या पायाशी बसून राही. त्यामुळे तिची चेक भाषा सारी पुकाऱ्याची झाली. जेवायला बोलावले तरी ती ओरडे, “वादी हजर आहे! सूप हजर करा!”

आणि फिल्का? फिल्काला पहिले तीन-चार महिने नुसते रडू येई. मग हिवाळा आला, आणि पिसे सोलायचे दिवस आले.

ज्यांनी पिसे सोलली आहेत त्यांनाच ती शिस्त ठाऊक. टेबलाभोवती बाया बसतात, हंसाच्या प्रत्येक पिसाचा ताठ कणा काढून मऊ भाग वेगळा करतात, आणि त्या मऊ ढिगापुढे कोणी जोरात श्वासही घ्यायचा नाही. दार उघडायचे नाही. हसायचे तर मुळीच नाही. म्हणून तर बाया मुद्दाम हसवतात! शेजारीण गंभीर चेहऱ्याने पाद्र्याच्या बोकडाची गोष्ट सांगू लागली. सगळ्यांनी ओठ घट्ट दाबून धरले होते. आणि तिकडच्या कोपऱ्यातून ही परकी पोर एकाएकी खो-खो हसली! पिसे उधळली, छताला लागली, सगळ्यांच्या केसांवर बर्फासारखी उतरली. फिल्का भीतीने पांढरी पडली.

पण बुर्गीची आई कातरिना उभी राहून टाळ्या पिटू लागली. “हसली! पोरगी जर्मनमध्ये हसली! अगं बायांनो, तिला कळलं!”

ती पिसे बुर्गीच्या लग्नातल्या दुलईची होती. आमच्याकडे मुलीचा संसार असा लहानपणापासून भरू लागतो. वसंतात दुलई शिवून झाली, तेव्हा कातरिनाने शेवटचा कोपरा फिल्काच्या हाती दिला. टाके वाकडे पडले.

“आई, उसवू का गं?” फिल्काने विचारले. ‘आई’ हा शब्द जर्मनमध्ये तिच्या तोंडून आपसूक निघून गेला होता.

“राहू दे. बुर्गी म्हातारी होईल तेव्हा हा कोपरा बघून म्हणेल, ही आमच्या फिल्काची करामत.”

सज्जनहो, इथपर्यंत कथा सांगायला जीभ सुखाने वळते. पुढे ती जड होते.

पुढे मोठे युद्ध आले. जर्मन सैन्य आमच्या चौकात उतरले, न्यायालयावरची पाटी बदलली, सिरिलला घरी बसवले. तळ्यांकडच्या तीन गावांतल्या पुष्कळांनी त्या सैन्यावर फुले टाकली. एका रविवारी बुर्गी चार मैत्रिणींसह चौकातून चालली होती. फिल्का समोरून आली, हसली, हात वर केला. बुर्गीने तिच्याकडे पाहिले आणि मैत्रिणीच्या टोपीबद्दल बोलत पुढे निघून गेली. फिल्काचा हात हवेत राहिला. त्या हाताची आठवण तिने फार जपली. माणूस पुढे काही करणार असतो, तेव्हा त्याला असली आठवण हाताशी लागते.

युद्ध संपले. आता पारडे आमचे जड झाले. जर्मन बोलणाऱ्यांच्या दंडाला पांढरी फीत बांधली गेली, घरे काढून घेतली गेली, आणि वर्ष उलटायच्या आत त्यांना देशाबाहेर पाठवण्याचे फर्मान आले. तिन्ही गावांची माणसे न्यायालयाच्या अंगणात गोळा केली. मार्च महिना होता. अंगणात मळका बर्फ होता. दारात तराजू मांडला होता. ठरल्याहून अधिक वजन न्यायचे नाही. अधिकाचे आत दालनात टाकायचे. आणि हे त्यांना समजावून सांगायला ज्याचे जर्मन उत्तम असा एक माणूस हे काम पाहणाऱ्या गावसमितीला हवा होता.

साऱ्या हाब्रोवेत्समध्ये उत्तम जर्मन कोणाचे? फिल्काचे.

ज्या दारात तिचा बाप पुकारा करीत असे, त्याच दारात ती उभी राहिली. सकाळपासून एकच वाक्य म्हणत राहिली. मग रांगेत कातरिना केस्टलर आली. मातियास मागेच वारला होता. म्हातारीच्या पाठीवर लाल कापडाची दुलई दोरीने बांधलेली होती. मागे बुर्गी, तिच्या हातात भांड्यांचे बोचके. तराजूचा काटा पुढे गेला. समितीचा माणूस त्या क्षणी विडी पेटवत होता, त्याची पाठ होती. फिल्का गप्प राहिली असती तर दुलई गेली असती. फिल्काला हे तेव्हाही कळत होते.

तिला चौकातला हवेत राहिलेला हात आठवला. ती म्हणाली, “बाई, वजन जास्त आहे. तुम्ही ही दुलई इथे ठेवा.”

ज्या माउलीला ती ‘आई, तू’ म्हणत होती, तिला ‘बाई, तुम्ही’ म्हणाली! कातरिनाने दोरी सोडली. दुलई खाली ठेवली, वरचा बर्फ झटकला. मग फिल्काकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, “किती सुरेख जर्मन बोलतेस गं. कुणी शिकवलं तुला?”

फिल्का म्हणाली, “पुढचे या.”

महिन्याभराने दालनातल्या वस्तू गावकऱ्यांना वाटल्या. आलोइस मोठे लाल बोचके खांद्यावर घेऊन घरी आला. “बघ गं, आपल्या वाट्याला काय आलंय! हात लाव, हात लाव. ढगच आहे ढग.”

“कुणाची आहे?”

“कुणाची म्हणजे? समितीची होती, आता आपली.”

फिल्काने दुलई उलटली, कोपरा शोधला. वाकडे टाके तसेच होते. पाळण्यात लेकरू खोकत होते, घरातली जुनी दुलई विरून जाळी झाली होती. तिने कोपरा पायांकडे फिरवला, आणि दुलई पांघरली. श्रोतेहो, सगळ्यात लाजेची गोष्ट ही नव्हे की तिला झोप लागली नाही. सगळ्यात लाजेची गोष्ट ही की तिला झोप लागली. ऊब गोड होती.

आणि अशी झोपणारी ती एकटीच होती का? आमच्या घराघरात तेव्हा काहीतरी आले होते. कोणाच्या भिंतीवर घड्याळ, कोणाच्या स्वयंपाकघरात कपाट. समोरच्या माल्वीनाकडे पायाने चालवायची शिलाई मशीन. ‘छान आहे’ म्हणायचे, ‘कुणाचे’ म्हणायचे नाही, हा नियम कोणी घातला नव्हता आणि कोणी मोडत नव्हता. थोड्याच वर्षांत न्यायालय बंद झाले. हाब्रोवेत्सचा न्यायजिल्हा नकाशावरून पुसला गेला, दालनात खताची पोती आली, एर्लेनडोर्फची घरे पडून तिथे पाणथळीत वाढणाऱ्या आल्डर झाडांचे रान माजले. जिथे निवाडा व्हायचा ती जागाच उरली नाही. गावाला हायसे वाटले, हे सांगताना माझी मान वर होत नाही.

आता सीमा थोडी सैल झाली तेव्हाची गोष्ट. सीमेपलीकडच्या बव्हेरियाहून बुर्गीचे पोस्टकार्ड आले: मे महिन्यात आमच्या जुन्या गावकऱ्यांची बस येते आहे, एक रात्र तुझ्याकडे राहू का? फिल्काने पन्नाशी ओलांडली होती. मुलगा नोकरीला दूर शहरात गेला होता. घरी ती आणि आलोइस.

“अगं, मग चांगलंच की,” आलोइस म्हणाला. “तिला मोठ्या खाटेवर झोपव. दुलई दे आपली, ढगाची.”

“ती नको.”

“मग काय माझा कोट पांघरायचा तिने? घरात एक धड दुलई, आणि पाहुणी आली की तुझा जीव अडकतो!”

“आलोइस, ती तिचीच आहे.”

आलोइसने पेटवायला घेतलेला पाइप टेबलावर ठेवला. “हे तुला कधीपासून माहीत?”

“तू आणलीस त्या दिवसापासून.”

“आणि मी इतकी वर्षं तिच्याखाली घोरतोय!” तो उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आला. “काही बोलू नकोस. वरून नवी खोळ घाल. आतून लाल असतात सगळ्यांच्याच. तिला काय कळतंय?”

न सांगता तीच दुलई बुर्गीच्या अंगावर घालायची, की तोंड उघडायचे? त्या सकाळपर्यंत फिल्काचा निर्णय झाला नव्हता. पण पाहुणी येणार म्हटले की आमच्याकडच्या बाईचे हात आपोआप चालतात. वरची खोळ काढायची, आतली लाल दुलई झटकायची, आणि उन्हात खिडकीच्या कट्ट्यावर बाहेर लोंबत ठेवायची. प्रत्येक घरची दुलई अशी सकाळी रस्त्यावर डोकावते. फिल्काने जन्मभर जे केले तेच केले, आणि टेबलाशी खसखशीच्या पोळ्या लाटायला बसली. बस दुपारी येणार होती.

बस सकाळीच आली.

खालून, रस्त्यावरून, घसा खरवडणारा, ओळखीचा पुकारा आला. चेकमध्ये, फिल्काच्या माहेरच्या नावाने, अगदी सिरिल हानाकच्या सुरात:

“फिलोमेना हानाकोव्हा! हजर व्हाऽऽ!”

फिल्का पिठाच्या हातांनी खिडकीशी धावली. खाली राखाडी कोट घातलेली, चष्मा लावलेली बुर्गी उभी होती. हसत होती. मग तिची नजर फिल्काच्या चेहऱ्यावरून खाली घसरली, खिडकीबाहेर लोंबणाऱ्या लाल कापडावर आली, कोपऱ्यापाशी थांबली. हसू चेहऱ्यावरच राहिले, पण त्यातला प्राण गेला.

ती वर आली. मिठी झाली. कॉफी झाली. आलोइसने आलुबुखाऱ्याची दारू ओतली, हवेबद्दल बोलला, बसच्या टायरांबद्दल बोलला, शेवटी दोघींकडे पाहून पिंपाला कड्या बसवायच्या आहेत म्हणून खाली निघून गेला. दोघी समोरासमोर बसल्या. फिल्का टेबलावरचे पीठ बोटाने गोळा करीत म्हणाली, “बुर्गी, ती दुलई...”

“दिसली मला.”

“मी दारात... त्या माणसाची पाठ होती. मी बोलले नसते तर...”

“तेही माहीत आहे. मी आईच्या मागेच होते.”

“तू चौकात माझ्याकडे बघितलं नव्हतंस,” फिल्का एकदम म्हणाली. आणि म्हणताक्षणी, इतकी वर्षे जपलेली ती ढाल किती लहान आहे, हे तिला दिसले.

“बघितलं होतं,” बुर्गी म्हणाली. “चांगलं बघितलं होतं. मैत्रिणी होत्या ना सोबत. मला लाज वाटली तुझी. आता माझी वाटते.” तिने चष्मा काढला. “पण ते आणि हे एक नाही गं, फिल्का. पहिल्या हिवाळ्यात आम्हाला एका शेतकऱ्याच्या गोठ्यावरच्या माळ्यात ठेवलं होतं. आईला घोड्याची झूल दिली होती पांघरायला. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, थंडी वाजते. मी म्हटलं, आई, काय आणू? म्हणाली, कुठून आणशील?”

फिल्का खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. बुर्गीने तिला उठवले नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटते की आता मिठी पडेल, अश्रूंनी सारे धुऊन जाईल. तसे झाले नाही.

“घेऊन जा,” फिल्का जमिनीकडे बघत म्हणाली. “आजच घेऊन जा. तुझी आहे.”

“कुठे नेऊ? बसमध्ये मांडीवर? माझ्या घरी कारखान्यातल्या आहेत, हलक्या. आणि जिला हवी होती ती नाही.”

त्या रात्री बुर्गी आलोइसचा कोट पांघरून निजली. फिल्काने नुसती चादर घेतली. दुलई खुर्चीवर घडी घालून राहिली. मे महिन्यातही आमच्याकडे पहाट बोचरी असते.

सकाळी बुर्गी म्हणाली, “थंडी वाजली.”

“मलाही.”

“वेड्यासारखं वागलो दोघी.” ती कोटाची बटणे लावू लागली. मग दारात थांबून म्हणाली, “तूच वापर ती. पण एक कर. खिडकीत टाकशील ना, तेव्हा कुणाची आहे ते सांगत जा. आमच्या वस्तू आहेत इथे, पण आमचं नाव कुठेच नाही. काल साऱ्या रस्त्यावर बघत आले.”

बस गेली. पुढच्या ऊन पडलेल्या सकाळी फिल्काने दुलई खिडकीत टाकली. समोरच्या खिडकीत माल्वीना होती.

“काय फिल्का, पाहुणी गेली वाटतं! दुलई मात्र छान फुगलीय हं.”

“ही केस्टलरांची दुलई आहे,” फिल्का म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाली, “एर्लेनडोर्फच्या केस्टलरांची. मी न्यायालयाच्या दारात उभं राहून कातरिनाबाईंच्या पाठीवरून उतरवून घेतली.”

रस्त्यावर दूध घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. माल्वीनाचा चेहरा लाल झाला. “तुला कुणी विचारलं गं?”

“कुणीच नाही. म्हणून सांगतेय.”

“आणि उद्या माझ्या मशीनचं सांगशील का साऱ्या गावाला?”

“ते तू सांग.”

माल्वीनाने खिडकी अशी आपटली की काच तडकली. त्या दिवसापासून गाव फिल्काशी बोलायचे कमी झाले. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा मोकळी राहू लागली. आलोइस मद्यगृहातून लवकर परतू लागला. “तुझ्यामुळे माझ्या टेबलावर कुणी बसत नाही,” तो कुरकुरे. पण एका सकाळी फिल्का खिडकीत आपले वाक्य म्हणत असताना तो मागून आला, तिच्या खांद्यावरून वाकला आणि रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाला, “आणि घरी मी आणली. माझंही नाव घेत जा.”

पुढे फिल्का जगली तोवर दर उन्हाच्या सकाळी हे चालले. तिला शांती मिळाली असे मी म्हणणार नाही. वाक्य म्हणताना दर वेळी तिची मान खाली जाई, आणि म्हणून झाले की ती त्याच मानेने पोळ्या लाटायला बसे. आमच्या रस्त्यावर घरे पुष्कळ, खिडक्या पुष्कळ. दुसरी एकही खिडकी उघडून कोणी बोलले नाही. हे आमच्या गावाचे जीवनचरित्र आहे, आणि ते दोन ओळींत संपते.

प्रभो, फिलोमेनाला तुझ्या पायांशी जागा दे. लाज जिने लपवली नाही तिला तू लाजवू नकोस. आलोइसला तिच्या शेजारी निजू दे. त्यांच्या लेकाच्या घरात पांघरूण असो, आणि ज्याचे नाव घेताना जीभ अडखळणार नाही असे असो. बव्हेरियातल्या बुर्गीच्या घरात चूल पेटती असो, तिच्या नातवंडांना कधी रांगेत उभे राहावे न लागो. आणि कातरिना माउलीला, हे दयाघना, तुझ्या हाताने पांघरूण घाल. तिला थंडी वाजते.